पहिली कुंडी

"प्रयोग माझा. चोरला त्याने. आणि काढून टाकतात मला!"

एवढं बोलून मुलगी खुर्चीत बसली. वहिनी फोनवर होत्या. मुलीने टेबलावरचं मासिक उचललं आणि मागच्या पानापासून चाळायला घेतलं.

"अगं, उलटं चाळतेयस," भाऊजी म्हणाले.

ती ओशाळली. "सवय. आमची भाषा उजवीकडून लिहितात."

वहिनी खासगी तपास करत. त्यांचे दीर, भाऊजी, गाडी चालवत आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

परदेशातून शिकायला आलेल्या या मुलीने सहा कुंड्यांना पाणी घातलं होतं. पहिलीला साधं, पुढे प्रत्येकीला अधिक खारट. तोच प्रयोग 'स्कॉलर' म्हणून मिरवणाऱ्या वर्गमित्राने स्वतःच्या नावावर दिला, आणि चोरीचा आळ तिच्यावरच आला. दुपारी समिती बसणार होती. नाव कमी झालं की तिला देशच सोडावा लागणार होता.

तिघं कॉलेजात पोहोचली, तेव्हा विभागप्रमुख सरांनी दोन्ही अहवाल टेबलावर आपटले. "त्याचा वाचा, कसा लोण्यासारखा! आणि हिचा? मुद्दा सापडेपर्यंत शेवटचं पान येतं. असलं लिहिणारी प्रयोग काय करणार?"

"मुद्दा त्याच्याही शेवटच्याच पानावर आहे," वहिनी म्हणाल्या.

"आमच्या शाळेत तसंच शिकवतात," मुलगी म्हणाली. "आधी कारणं. मुद्दा आधी सांगणं उद्धटपणा."

"कुंड्यांवर काही लिहिलं होतं?"

"पट्ट्या होत्या! माझ्या भाषेत!"

"काही नव्हतं," सर ताडकन म्हणाले. "काल हिची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कोणी गेलेलं नाही."

भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हिची भाषा खरंच मोडकी आहे हो."

"तुमची तर मातृभाषा असून मोडकी आहे."

स्कॉलर प्रयोगशाळेच्या बंद दाराशी उभा होता. "रोज सकाळी मीच पाणी घालायचो, मॅडम. मामांना... सरांना विचारा."

"दार उघडण्याआधी सांग," वहिनी म्हणाल्या. " फळी भिंतीला टेकलेली, कुंड्या एका ओळीत. साधं पाणी कुठल्या कुंडीला?"

"पहिलीला."

"म्हणजे?"

"डावीकडच्या कुंडीला! आणखी कुठल्या?"

वहिनींनी दार ढकललं. डावीकडच्या कुंडीत जळून कोळसा झालेली काडी होती. हिरवंगार रोप उजव्या टोकाला होतं.

भाऊजींनी आ वासला.

"हिचं पान उजवीकडून सुरू होतं, तशी कुंड्यांची रांगही," वहिनींचा आवाज चढला. "रोज पाणी घालणाऱ्याला जिवंत रोप कुठे आहे ते कळू नये? तू फक्त अहवाल उचललास. वाक्यं घासूनपुसून घेतलीस, पण कारणं आधी आणि मुद्दा शेवटी ही तिची घडण तुला दिसलीच नाही."

त्यांनी कुंडीवरून बोट फिरवलं. बोटाला डिंक चिकटला.

"पट्ट्या नव्हत्या ना, सर? डिंक चिकट आहे अजून. किल्ली काल तुमच्याकडे आली आणि पट्ट्या गेल्या. भाच्यासाठी केवढी ही धडपड!"

"तिची भाषा..." सर पुटपुटले.

"भाषा दुसरी आहे, डोकं पहिलंच आहे! परक्या भाषेत अडखळणाऱ्या पोरीला चोर ठरवताना लाज नाही वाटली?"

मुलीने हिरव्या रोपाला पाणी घातलं आणि वळली. "समितीला मी लिहून देणार. मोडक्या भाषेत."

"तुझ्याच पद्धतीने लिही," वहिनी सरांकडे बघत म्हणाल्या. "कारणं आधी. यांचं नाव शेवटी."