लॉर्नाच्या गाडीतली मधली जागा

धुक्यातून आधी तिचा आवाज आला, मग ती.

"सुप्रभात, तिघांनाही," ती म्हणाली.

गाडीत आम्ही दोघंच होतो. मी, आणि मागे माझी सात वर्षांची मुलगी टिल्डा.

नोव्हेंबरचा शनिवार होता. सरोवरावरून आलेलं धुकं डुलुथ शहराच्या रस्त्यांवर इतकं खाली बसलं होतं, की अग्निशमन दलाच्या शेडचा लाल दरवाजा दहा पावलांवरूनही दिसत नव्हता. महिन्यातून एकदा तिथे मुलांच्या गाडीतल्या सीटा तपासून देतात. नारिंगी जाकीट घातलेली ती बाई खिडकीशी वाकली, माझ्या शेजारच्या सीटकडे तिने नीट पाहिलं आणि ती गोंधळली.

"माफ करा. बेल्ट लावलेला दिसला... मला वाटलं, कुणी बसलंय."

"बसलंयच," मागून टिल्डा म्हणाली. "माझी आई आहे."

माझी बायको कारिन दीड वर्षापूर्वी आजारात गेली. पुढच्याच आठवड्यात टिल्डाला शाळेत सोडायला निघालो, आणि शेजारच्या सीटचा लाल दिवा लागला. माणूस बसलाय, बेल्ट लावा. सीटवर काहीही नव्हतं. गाडी टिंग टिंग वाजत राहिली. गॅरेजवाल्याने सीटखालची वजन ओळखणारी पट्टी बदलली, तरी दिवा लागतच राहिला. शेवटी मी रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढून लावला, तेव्हा आवाज थांबला, दिवा मात्र तसाच राहिला. मी एकटा असलो की दिवा लागत नाही. टिल्डा असली की लागतो. थंडीत त्या बाजूची काच आतून धुरकट होते, जणू कुणी तिच्याशी तोंड नेऊन बाहेर बघत असावं.

हे ऐकून लोक एकतर हसतात, नाहीतर माझ्या खांद्यावर हात ठेवतात. या बाईने दोन्हीतलं काही केलं नाही. तिने रिकाम्या सीटकडे पाहून मान लववली, ओळख करून दिल्यावर लववतात तशी. मग मला म्हणाली, "मी लॉर्ना. काय आणलंय, दाखवा."

मी तीन बूस्टर सीटा, म्हणजे मुलांना उंच करून बसवायच्या बैठका, विकत आणल्या होत्या. एक फुगवायची, एक घडी होणारी, एक नुसती कडक पाटासारखी. सोमवारपासून बंदरात खनिजाच्या धक्क्यावर माझी पहाटेची पाळी लागणार होती. टिल्डाला शाळेत कुणाच्या तरी गाडीतून जावं लागणार होतं, आणि सीट तिच्याबरोबर या गाडीतून त्या गाडीत जाणार होती. ही सोय झाली नाही, तर कारिनची आई टिल्डाला आपल्या घरी मिनियापोलिसला घेऊन जाणार होती. तसं तिने फोनवर सांगितलंच होतं. मला नोकरी सोडता येत नव्हती आणि मुलगीही.

लॉर्नाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. सीटला ती बोटही लावणार नव्हती, सगळं मीच करायचं होतं. मी म्हटलं, दाखवून तरी द्या.

"सोमवारी मी असणार आहे का तिथे?" ती म्हणाली. "करा. चुकलात की मी हसेन."

मी चुकलो, ती हसली. फुगवायची सीट टिल्डा बसताच एका अंगाला घसरली आणि हवा सोडताना तिने इतका लांब सुस्कारा टाकला, की आम्ही दोघांनीही नकळत पुढच्या सीटकडे पाहिलं. पाटासारखी सीट पक्की होती, पण रुंद. घडीच्या सीटवर टिल्डाची पाठ टेकली, गुडघे कडेशी वाकले, पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध आला, खालचा पट्टा मांड्यांवर बसला. मला वाटलं, झालं काम.

"आता ही जाणार कुणाच्या गाडीतून?" लॉर्नाने विचारलं.

मी टिल्डाचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"अजून कुणाला विचारलंच नाहीये तुम्ही."

"नाही."

"म्हणजे जोडा घालणार दुसरा, आणि तुम्ही तो स्वतःच्या पायात घालून बघताय."

खरं होतं ते. तीन सीटा आणल्या, तिन्ही माझ्याच गाडीत लावून पाहिल्या. माझी गाडी सोडून टिल्डा कुठे जाईल, असं माझ्या मनात येतच नव्हतं. कारण टिल्डाने सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या गाडीत आई नसते, मी बसणार नाही.

लॉर्नाने टिल्डाची शाळा कुठली, आमचं घर कुठे ते विचारलं. मग जरा अडखळतच म्हणाली, की ती या महिन्यापासून टिल्डाच्याच शाळेत ग्रंथपाल आहे. आमच्या घरापुढे नदीचा पूल आहे, त्याच्या पलीकडे राहते. तिच्या शेजाऱ्यांची दोन मुलं, भाऊ-भाऊ, रोज तिच्या गाडीतून शाळेत जातात. मागची मधली जागा रिकामी असते.

तिची गाडी जुनी, लांबोडकी. दोन भावांच्या सीटांच्या मध्ये पाट बसेना. घडीची सीट बसली आणि बेल्टचं कुलूप टिल्डाच्या हाताला सहज येईल असं मोकळं राहिलं. पण टिल्डा गाडीत पाय ठेवेना. दारात उभी राहून म्हणाली, "आई इथे येणार नाही."

मी समजूत घालायला पुढे झालो. लॉर्नाने मला नजरेने थांबवलं आणि टिल्डासमोर उकिडवी बसली.

"विचारून तर बघू. पुलापर्यंत जाऊ. नाही आली, तर मीच तुला उतरवून बाबांच्या गाडीत बसवेन."

टिल्डाला हे रास्त वाटलं.

त्या दोघी पुढे, मी माझ्या गाडीतून मागे. शेजारचा दिवा बंद. धुक्यात लॉर्नाच्या गाडीचे दोन लाल ठिपके तेवढे दिसत होते. पुलाच्या अलीकडे ते एकदम थांबले. मी उतरून धावलो.

लॉर्ना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. चेहरा पांढरा. तिच्या डॅशबोर्डवर शेजारच्या सीटचा दिवा लागला होता, गाडी टिंग टिंग वाजत होती. त्या सीटवर एक हातमोजा आणि ब्रेडची पिशवी होती, बस. तिने दोन्ही उचलून खाली ठेवलं, दिवा तसाच. मागे टिल्डा पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून समाधानाने बसली होती.

लॉर्नाने हात लांब करून रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला. कुलूप खटकन लागलं. आवाज थांबला.

"येणार माहीत असतं तर आवरून ठेवलं असतं," ती हळूच म्हणाली. मला नाही, शेजारी.

त्या क्षणी मला ती आवडली. मी रस्त्यात उभा होतो, हात थंडीने बधिर झाले होते, आणि मला ती आवडली.

सोमवारपासून टिल्डा तिच्या गाडीतून जाऊ लागली. आजीला मी कळवलं, की सोय झाली. संध्याकाळी मी टिल्डाला आणायला लॉर्नाकडे जायचो. आधी दारातच उभा राहायचो, मग स्वयंपाकघरात बसायला लागलो. ती जंगली तांदळाचं सूप करायची आणि कारिनबद्दल मला विचारायची. गाडीत पुढच्या सीटच्या काचेवर कधीकधी आतून बोटाने ओढलेली रेघ असते, ती टिल्डाची नव्हे, तिचा हात तिथे पोचत नाही, असं एकदा सांगितलं तिने. भीती वाटते का, मी विचारलं. वाटते, म्हणाली, पण सोबतही वाटते.

डिसेंबरात टिल्डाचा शनिवारचा पोहण्याचा वर्ग सुरू झाला. एकाच रस्त्याला दोन गाड्या कशाला, म्हणून मीही लॉर्नाच्या गाडीत जाऊ लागलो. पुढची जागा भरलेली. मागे उजवीकडे शेजारच्या थोरल्या भावाची मोठी सीट कायमची बांधलेली, मध्ये टिल्डा, डावीकडे धाकट्याची सीट काढून मी. लॉर्ना मला आरशातून दिसायची. तिचे डोळे आणि कपाळाची एक बट.

"पाठ टेकली का नीट?" ती आरशातून विचारायची.

"गुडघे हनुवटीला लागतायत."

"मग ती जागा तुमच्या मापाची नाही." थोडं थांबून, "पण दुसरी रिकामी नाही... काय करणार?"

मी खिडकीबाहेर बघायचो. मला धास्ती होती. मी मनातलं बोललो आणि कारिन दुखावून उतरून गेली, तर टिल्डा त्या गाडीत बसणार नाही. मग आजी येईल, आणि टिल्डा जाईल. शिवाय... कारिनला पुन्हा एकदा जाताना मला बघायचं नव्हतं.

नाताळच्या आधीचा शनिवार. भरदुपारी बर्फ पडत होता. रेल्वे फाटकाशी खनिजाची मालगाडी आडवी आली. शंभराहून जास्त वाघिणी असतात, धक्क्यावर मीच त्या रिकाम्या करतो, मला माहीत आहे. लॉर्नाने इंजिन चालू ठेवलं आणि ती वळली, रिकाम्या सीटकडे.

"कारिन, हे आधी तुला सांगायला हवं. मागे बसलेला हा माणूस मला आवडतो. तुझी हरकत असेल तर... आत्ताच सांग. मी पुन्हा कधी विषय काढणार नाही."

टिल्डा माझ्याकडे बघत होती. वाघिणींचा खडखडाट काचेतून आत येत होता. आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं.

"कारिन," मी म्हणालो, "मलाही."

पुढचा दिवा विझला.

लॉर्नाने तोंडावर हात ठेवला. धुरकट काच आमच्या डोळ्यांदेखत स्वच्छ होत गेली. मी टिल्डाचा हात धरला. आता ही म्हणेल, मला उतरव.

टिल्डाने हात सोडवून घेतला.

"बाबा, तू उठ. आईला इथे बसायचंय."

"कुठे?"

"तुझ्या जागेवर. माझ्याजवळ. तू पुढे जा ना, तिथे आता कुणी नाहीये."

मी बर्फात उतरलो. मागे वळून पाहिलं, तर टिल्डा मी बसलो होतो तिथे बेल्ट ओढत होती, लहान हातांनी, नीट, पीळ न पडू देता. मी पुढचं दार उघडून लॉर्नाशेजारी बसलो. सीट ऊबदार होती. लॉर्नाने माझा हात शोधला, आणि मी तो दिला.  

"नेल्स," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने मला नावाने हाक मारली. "काय म्हणतेय कारिन? विचार ना."

मी मागे वळलो. टिल्डाने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय ती. हळू बोला."

शेवटची वाघीण गेली, फाटक वर झालं. लॉर्नाने गाडी इतकी हळू काढली, की मागच्याने भोंगा वाजवला. तिने वेग वाढवला नाही. रुळांवरून एक एक चाक अलगद उतरवत ती पुढे निघाली.