एकशे वीस वॉट

गाडी विकायची ठरली आणि जेरार्ड ती बघायला शुक्रवारी दुपारी फुजैराच्या अलीकडच्या वाडीत आला. वाडी म्हणजे तिकडे पावसाळी ओढ्याचं कोरडं, दगडगोट्यांचं पात्र. तिथेच दत्तप्रसादने पिकअप उभी केली होती. तिच्या पाठीवर छोटी खोली होती. चार खटके सोडले की तिचं छप्पर हातभर वर उचललं जायचं आणि त्याखाली चारी बाजूंना कापडी भिंती ताणल्या जायच्या. छपरावर सोलर पॅनल, बाकाखाली बॅटरी. गेल्या वर्षी अल नहदाचा फ्लॅट सोडून दत्तप्रसाद आणि त्याची बायको छाया हिवाळाभर यातच राहिले होते. हौस त्याची होती. छाया सोबत आली होती.

"इनेजला सांगून आलोय, आता लाइटबिल खलास!" जेरार्ड चहाचा कप घेऊन बाकावर पसरला. तो आणि त्याची बायको इनेज मूळचे वसईचे; जेएलटीतल्या ऑफिसात तो दत्तप्रसादच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. "बॅटरी तर एकदम नवी दिसते रे. जपलीस."

"जपली," दत्तप्रसाद म्हणाला.

डोंगरामागे ऊन गेलं तसे दगड काळपट पडले. भिंतीवरच्या मीटरवर सोलरचा आकडा उतरत शून्यावर आला. खालचा आकडा मात्र जागचा हलला नाही. वापर, १२० वॉट.

"काय चालू आहे?"

"काही नाही."

"अरे, एकशे वीस खातंय कुणीतरी." जेरार्ड उठला. पंखा बंद, दिवे बंद, फ्रीजचं दार उघडं आणि आत कोरडं. त्याने इन्व्हर्टर बंद केला. मग एकेक फ्यूज उपसून ओट्यावर ठेवला. सगळे संपले. १२०.

"मीटर खराब आहे, हबीबी," तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दत्तप्रसादच्या नेटक्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता. कुठली वस्तू किती वीज घेते, त्याचा. जेरार्ड मोबाइलच्या उजेडात वाचू लागला. "पंखा वीस... फ्रीज पंचेचाळीस... छायाचं मशीन, एकशे वीस." तो थांबला. "हे कुठलं मशीन?"

"दम्याचं. वाफ घ्यायचं."

"कुठाय?"

"मार्चमध्ये पोरगी आली होती. आभाने ते दवाखान्याला देऊन टाकलं."

जेरार्डने पुन्हा मीटरकडे पाहिलं.

"दत्ता... वहिनी हॉस्पिटलात गेल्या ना? तूच सांगितलंस सगळ्यांना."

हो म्हटलं असतं तर गाडी विकली गेली असती. पुढच्या शुक्रवारी इनेज या बाकावर झोपली असती. दत्तप्रसादने ओट्यावरचे फ्यूज एका रांगेत लावले.

"इथेच गेली. तू बसला होतास तिथे."

जेरार्ड भिंतीला टेकला.

"फेब्रुवारीत तीन दिवस ढग होते. बॅटरी बावीस टक्क्यांवर आली. वीसच्या खाली गेली की तिचं आयुष्य घटतं, असं पुस्तिकेत लिहिलंय. पहाटे छाया म्हणाली, मशीन लाव. मी म्हटलं, तासाभरात ऊन येईल, तोवर थांब." त्याचा आवाज चढला नाही. "ती थांबली. ऊन वेळेवर आलं. हॉस्पिटलात नेलं ते फक्त कागदासाठी."

जेरार्डने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. "आभाला माहितीये?"

"नाही."

"चल माझ्याबरोबर. आत्ता. यल्ला."

"तू हो पुढे."

जेरार्ड आपल्या गाडीत जाऊन बसला. त्याचे दिवे दगडांवरून उड्या मारत दूर गेले आणि वाडी काळी झाली.

दत्तप्रसादने बाक उचललं, पाना घेतला आणि बॅटरीची मुख्य तारच सोडवली. मीटर विझला. त्याला बरं वाटलं, क्षणभर.

मग छपराखालची कापडी भिंत आत आली. हळूच. बाहेर गेली. पुन्हा आत आली, या वेळी अडखळत. वारा नव्हता. उघड्या दारातून चांदण्यात दिसणारं बाभळीचं पानही हलत नव्हतं. चारी बाजूंचं कापड एकदम आत यायचं, थरथरायचं, मोठ्या कष्टाने बाहेर जायचं. गाडीत औषधी वाफेचा तो गोडसर वास भरला. प्रत्येक खेप आधीच्या खेपेपेक्षा आखूड होत होती.

"थांब... लावतो. लावतो, छाया..."

अंधारात पाना हातातून निसटला. तो गुडघ्यांवर बसून चाचपडला. बोटं सोलवटली. तार लागली. फ्यूज बसवले, इन्व्हर्टरचं बटण दाबलं. मीटर उजळला.

बॅटरी शंभर टक्के. वापर शून्य.

त्याने वर पाहिलं. कापड आत आलं होतं, छपराच्या दांड्यांवर ताणून चिकटलं होतं. दत्तप्रसाद ते बाहेर जायची वाट बघत राहिला.