गालावरच्या रेघा

"नुसती भुणभुण करू नकोस, पुरावा दाखव," लाइल म्हणाला.

रेडिंगच्या अग्निशमन केंद्रात नाण्यांचा बाजार भरला होता आणि नेसा, तिचा मित्र लाइल आणि धाकटा भाऊ ओबी अशी तिघं बाहेर पायरीवर बसली होती. सुट्टी लागली होती, पण बारा वर्षांच्या नेसाला पोहायला जायचंही सुचत नव्हतं.

"पुरावा गळ्यात आहे," तिने साखळी ओढून दाखवली. "हे आईचं नाणं नाहीच."

आई मार्चमध्ये गेली. तिच्या गळ्यातलं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं नेसाला मिळालं. ते दोनशे वर्षांपूर्वीचं. पुढे सोन्याचा भाव नाण्यावरच्या आकड्याच्या वर गेला, तशी लोकांनी तसली नाणी धडाधड वितळवली आणि उरली ती दुर्मीळ झाली. नेसाच्या नाण्याची कडी निखळली म्हणून बाबांनी ते क्रँडल या नाणेविक्रेत्याच्या दुकानात दिलं. क्रँडल म्हणाला, "कडी बसवली, वर घासून चकाचक केलं." बाबांनी मान डोलावली. आई गेल्यापासून ते सगळ्यालाच मान डोलवत.

"जुनं नाणं कोणी घासतं का?" लाइल म्हणाला. "माझे आजोबा नाण्यावर फुंकरसुद्धा मारू देत नाहीत. घासलं की संग्राहक तोंड फिरवतात. क्रँडल एक तर गाढव आहे, नाहीतर चोर."

"त्यांनी मला चॉकलेट दिलं होतं," ओबी म्हणाला.

"मग चोरच."

नेसाला हसू आलं नाही. आईच्या खऱ्या नाण्यावर एका बाईचा चेहरा होता आणि तिच्या गालावर रेघा होत्या. त्या काळी टांकसाळीत चकती जड भरली, की कानशीने घासून वजनात आणत आणि मग ठसा मारत. प्रत्येक नाण्याच्या रेघा वेगळ्या. आई म्हणायची, बाई रडतेय. गळ्यातल्या बाईचा गाल मात्र लोण्यासारखा मऊ होता.

आत क्रँडलच्या टेबलावर काचेखाली आईच्यासारखंच एक नाणं विकायला ठेवलेलं त्यांनी लांबून पाहिलं होतं. तिघं तिकडे गेलीच नाहीत. ती बाजार भरवणाऱ्या हॉस्टेटरबाईंकडे गेली.

"आजी, आधी मी रेघा काढून देते," नेसा म्हणाली. "मग तुम्ही त्यांचं नाणं बघा."

प्रेट्झेल या खाऱ्या पावाच्या कागदावर तिने डोळ्याखालून हनुवटीपर्यंत रेघा ओढल्या. एक मध्येच तुटलेली, एक ओठाला टेकलेली. रेघा तिला पाठ होत्या. बाईंनी कागद घेतला, क्रँडलच्या टेबलापाशी जाऊन त्याचं नाणं उचललं आणि भिंग काढलं.

"या पोरांचं काय ऐकता?" क्रँडल म्हणाला.

"ऐकतेय कुठे? बघतेय," बाई म्हणाल्या. बराच वेळ त्या वाकून होत्या. कागदावरच्या आणि नाण्यावरच्या रेघा हुबेहूब जुळल्या. मग त्यांनी पोलिसांना बोलवायला सांगितलं. क्रँडल पोटात दुखतंय म्हणत निघू लागला, पण दाराशी अग्निशमनवाले उभेच होते.

केंद्राच्या स्वयंपाकघरात प्रेट्झेल वाढणारे बाबा एप्रनसकट धावत आले. सगळे पोरांच्या पाठीवर थापा मारू लागले. "आम्ही मोठी माणसं डोळे असून आंधळी," हॉस्टेटरबाई म्हणाल्या. पोलीस येऊन नोंद करेपर्यंत त्यांनी नाणं नेसाच्या तळहातावर ठेवलं.

तिने ते उलटलं. मागच्या बाजूला कोरलेल्या गरुडावर पूर्वी आईची आई अंगठा फिरवायची, पुढे आई फिरवायची. दवाखान्यात तर सारखीच. फिरवून फिरवून त्याची पिसं पार गुळगुळीत झाली होती. आता तिथे एकेक पीस टोकदार कोरलेलं होतं.

"झीज लपवायला कोरलीत मेल्याने," बाई हळूच म्हणाल्या. "आता याची किंमत निम्मीसुद्धा राहिली नाही गं."

"मिळालं ना? मग रडतेस का?" ओबीने विचारलं.

"आई इथे बोट फिरवायची," नेसा म्हणाली. "ते पुसलं त्याने."

बाबांनी नाणं हातात घेतलं आणि गरुडावरून अंगठा फिरवून पाहिला. पिसं बोटाला टोचली. "मीच नेऊन दिलं त्याच्याकडे," ते म्हणाले आणि त्या गर्दीत खाली फरशीवरच बसले. आईला पुरलं त्या दिवशी ते रडले नव्हते, ते आता रडले. नेसा आणि ओबी त्यांना चिकटून बसली. कोणी त्यांना उठवलं नाही.