मुरघासावरचे दोन टायर

"हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून भूपाल चौगुल्यांनी जे सांगितलं, त्यावर खरोखरच कुणी विश्वास ठेवला नाही. गेल्या रविवारी म्हणे त्यांनी पन्हाळ्याचा अख्खा चढ ब्रेकला पाय न लावता कापला, आणि वर पोचले तेव्हा त्यांच्याच गाडीचा आवाज अजून वाटेतच होता. ऐकणारी एकटी नसीम मुजावर. शिरोली नाक्यावरचं टायरचं दुकान तिचं. तिनं हातातला पाना खाली ठेवला आणि मग आवाज पोचला कधी, एवढंच विचारलं. चहा निम्मा झाला तेव्हा, भूपालकाका म्हणाले.

त्यांना स्पोर्ट्सकारसाठी नवी चाकं आणि नवे टायर निवडायचे होते. कुठले निवडायचे, हे ते घरून ठरवूनच आले होते. आदगोंडाचे आहेत अगदी तसे.

आदगोंडा चौगुले हा त्यांचा चुलत भाऊ, दोन वर्षांनी लहान. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच लाल रंगाच्या. आता रस्त्यावरच्या गाड्या आपल्या आपण चालतात, माणूस आत बसून पेपर वाचतो. पण रविवारी सकाळी सहा ते सात पन्हाळ्याचा रस्ता हातानं गाडी चालवणाऱ्या हौशी मंडळींना मोकळा ठेवतात. दर रविवारी दोघे खालून एकदम निघत, आणि दर रविवारी आदगोंडा आधी वर पोचलेला असे. नुसता पोचलेला नव्हे. थर्मासमधून दोन कपांत चहा ओतत उभा असे आणि म्हणे, "या अण्णा." त्यानं चिडवलं असतं तर काकांनी दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. त्या 'या' वर मात्र त्यांना काही इलाज सापडत नव्हता.

त्यात आदगोंडानं घडीव चाकं बसवली. म्हणजे अॅल्युमिनियमचा ठोकळा प्रेसखाली दाबून घडवलेली. वजनाला हलकी, दणक्याला चिवट. भूपालकाकांनी चाळीस वर्षं ओतकामाचा कारखाना चालवलेला, चौगुल्यांच्या तीन पिढ्या वितळलेला धातू साच्यात ओतून मोठ्या झालेल्या. घरातल्याच माणसानं ओतीव सोडून घडीव चाकं लावावीत, हा त्यांना अपमान वाटला. आणि आपल्याकडेही तशीच असावीत, असंही लगेच वाटलं.

नसीमनं त्यांना समजावून पाहिलं. मागं वीस इंची रुंद चाकं घातली की गाडी वळणावर हट्टी होते. तुमच्या गाडीला पुढंमागं एकोणीसच बरी, टायरची बाजूही जरा नरम असू दे. काका मान हलवून म्हणाले, मागं वीस.

मग तिनं जुने टायर मागितले. ते द्यावेच लागत, कारण हे स्मरणरबराचे टायर. त्या रबरात केसाहून बारीक कार्बनचे तंतू विणलेले असतात. रस्त्याचा प्रत्येक दाब, ब्रेकची प्रत्येक ऊब त्यात कायमची उमटते. जुना टायर वाचनपाटावर फिरवला की चालवणाऱ्याचा हात कळतो: कुठं दबतो, कुठं सोडतो, कुठल्या वळणाला भितो. त्या हाताला जुळेल असं रबर दुकानामागच्या भट्टीत शिजवायचं. असा टायर वळण येण्याआधीच आपली पकड बदलतो. म्हणूनच एकाच्या हाताचा टायर दुसऱ्याच्या गाडीला लावत नाहीत. दुसरा घाबरून ब्रेक दाबतो आणि रबर पहिल्याच्या सवयीनं सैल सुटलेलं असतं. असं झालेल्या दोन गाड्यांचे सांगाडे नसीमनं स्वतः पाहिले होते.

हे सगळं काकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी गाडीतून जे दोन टायर उतरवले, ते आदगोंडाच्या शेतावरचे होते. तिथं मुरघासाच्या, म्हणजे म्हशींसाठी आंबवलेल्या चाऱ्याच्या, खड्ड्यावर प्लॅस्टिक अंथरून वजनाला जुने टायर ठेवतात. गुरुवारी आदगोंडा बाहुबलीला दर्शनाला गेला, तेव्हा काकांनी त्यातले त्याच्या लाल गाडीचे दोन निवडून उचलले. बघायला फक्त म्हशी होत्या. नसीमनं टायर नाकाजवळ नेला आणि हा आंबूस वास कसला म्हणून विचारलं. गाडीत नवीन अत्तर आहे, काका म्हणाले.

पाट फिरू लागला. पडद्यावर पन्हाळ्याचा चढ रेषेसारखा उमटत गेला. जिथं ब्रेक, तिथं रेष जाड. ही रेष शेवटपर्यंत धाग्यासारखी बारीक होती. असा हात मी कधी वाचला नाही, नसीम म्हणाली, आणि काकांची छाती जणू स्वतःचंच कौतुक ऐकावं तशी फुगली.

मग शेवटून दुसऱ्या वळणावर एक मोठा ठिपका आला. गाडी उभी. चार मिनिटं.

पुढच्या रविवारी त्याच वळणावर पाच मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. खालून दुसऱ्या गाडीची थरथर रस्त्यातून जवळ येई, मग ही गाडी हलके सुटून वर जाई. असे एकतीस रविवार.

"काका, इथं थांबून काय करत होता?"

"गवा आडवा यायचा."

"दर रविवारी?"

"तोच गवा. ओळख झालेली. मी थांबल्याशिवाय जायचा नाही."

जीभ गवा रंगवत होती, डोकं रविवार मोजत होतं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, त्यानंतरचे रविवार. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हटलेलं फक्त बायकोला माहीत होतं. म्हणजे बायकोनंच आदगोंडाला सांगितलं. हरण्याची काकांना सवय होती. पण आपल्याला हरवताना कुणी इतकं जपून हरवत होतं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. चार मिनिटं थांबूनही तो पहिला. मत्सर कमी होण्याऐवजी त्याला आणखी एक दात फुटला.

नसीमनं पाट जरा मागं फिरवला, तसा पडद्यावर एकविसावा रविवार आला. अकरा मिनिटं झाली तरी खालून थरथर आली नाही. मग रेष वळली आणि उतारानं खाली धावली, इतकी वेगानं की पाट गुरगुरला. काकांना तो दिवस आठवला. तळाशीच त्यांचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं, आणि आदगोंडा वरून येऊन म्हणाला होता, सहज खाली येत होतो.

"ह्या दिवशी गवा कुठं गेला?" नसीमनं विचारलं.

"त्या दिवशी," काका म्हणाले, "त्या दिवशी त्याचं लग्न होतं. खालच्या वाडीत. मला बोलवायला आला होता, म्हणून..."

नसीमनं पाट थांबवला.

"काका, हे टायर तुमचे नाहीत. गवाही नव्हता. ज्याचे टायर आहेत, तो कुणासाठी थांबत होता, ते तुमच्या तोंडावर दिसतंय. भट्टी तापलीय आणि परवा रविवार आहे. आता सांगा, कुणाच्या हाताचे टायर काढू?"