डोंगराखालची रेघ

थाप वाटली तर खुशाल थाप समजा. पण हे माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही.

थंडीचे दिवस. रविवारची दुपार.

ताई इंटरनेट कंपनीत कामाला आहे. भिंतभर पडदे, आणि त्यांवर प्रत्येक वस्तीची एकेक रेघ; हवी तर एकेका घराचीही. लोक नेट वापरायला लागले की रेघ चढते, थांबले की उतरते. कोण काय बघतंय ते कळत नाही. किती आणि कुठून, एवढंच.

डोंगराखालच्या वसाहतीची रेघ मात्र पावसाळ्यापासून सपाट होती.

दरड कोसळून निम्मी वसाहत गाडली गेली होती. उरलेल्यांना दुसरीकडे हलवलं होतं. वीजही तोडली होती.

त्या दुपारी ती रेघ हलली...

मग चढू लागली. अगदी पूर्वीच्या रविवारसारखी.

"यंत्रालाही भास होतात कधीकधी," साहेब म्हणाले.

ताईने दुसऱ्या यंत्रावर मोजून पाहिलं.

तेच.

तिने अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे जुने लाइनमन. त्या वसाहतीतल्या घरन् घराची जोडणी त्यांच्याच हातची. राहायलाही जवळच, एकटे.

"जिवंतपणी तिथले लोक नेट चालत नाही म्हणून माझं डोकं खायचे," अण्णा हसले. "आता तरी सोडा म्हणावं. बघून येतो."

थोड्या वेळाने त्यांचा वसाहतीतून फोन आला.

"पोरी, खांबावरची नेटची पेटी उघडलीये. आत काही नाही. तारा आपणच कापून नेल्यात ना?"

रेघ अजून चढत होती.

"आसपास कोणी आहे का, अण्णा?"

"चिटपाखरू नाही."

फोनवर पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला...

आणि रेघ एकदम तळाला गेली.

गप्पा रंगलेल्या घरात परकं माणूस शिरावं आणि सगळे गप्प व्हावेत, तशी.

ताई खुर्चीतून ताडकन उठली.

"अण्णा, निघा तिथून."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"अण्णा?"

"पोरी..." आवाज अगदी खाली आला होता. "मागच्या घरातून कोणीतरी विचारतंय..."

"काय?"

"लाइन आली का म्हणून."

फोन कटला.

अण्णा सुखरूप घरी परतले. पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

वसाहतीची रेघ पुन्हा कधी हलली नाही.

पुढच्या रविवारी अण्णांच्या घरची हलली.

अण्णा तेव्हा झोपले होते. ताईने सांगितल्यावर त्यांनी कनेक्शनच काढून टाकलं.

रेघ गेली नाही.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. "आज काही दिसतंय का ग?"

"काही नाही, अण्णा. झोपा निवांत."

असं म्हणताना ती पडद्याकडे पाठ करून उभी राहते.

मी एकदा विचारलं, "खरं का सांगत नाहीस?"

"सांगून काय करू? म्हातारा माणूस, एकटाच राहतो..."

मग तिनेच दुरुस्ती केली.

"म्हणजे... आधी एकटाच राहायचा."