टोपी की कान?

बेकरीत खोबऱ्यात घोळवलेला एकच लॅमिंग्टन केक उरला होता आणि आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडे बोट दाखवलं.

बाहेर टास्मानियातल्या होबार्टचा नेहमीचा चिकट, बारीक पाऊस. शेजारचा तो तरुण नखशिखांत भिजलेला... लोकरी टोपीतून पाणी नाकावर ठिबकत होतं.

"घे ना तूच," तो म्हणाला. "मला अजिबात भूक नाही."

आणि त्याने डावा कान धरला!

मी फिस्सकन हसले. कारण डावा कान धरून बोलणारी माणसं या जगात एकाच जातीची असतात — 'चुकार तारा'ची भक्तमंडळी. त्या मालिकेत ओम्बा नावाचा एक ग्रह आहे. तिथली माणसं डावा कान धरून जे बोलतात, त्याच्या बरोबर उलटं त्यांच्या मनात असतं. पुठ्ठ्याचं यान, कढईची हेल्मेटं, आणि अवकाशातलं भंगार गोळा करत हिंडणारा विसराळू कप्तान डोब... मालिका बंद पडून किती वर्षं झाली, पण आम्ही अजून कान धरतोय.

"म्हणजे पोटात कावळे ओरडताहेत," मी म्हटलं.

त्याचे डोळे लकाकले. "तू पण?"

"मी पण. पण आधी सांग... कानवाला की हेडफोनवाला?"

"कानवाला अर्थातच!"

"अरेरे. चेहऱ्यावरून शहाणा वाटला होतास."

लॅमिंग्टन आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला. त्याचं नाव हॅमिश, गोदीत बोटी रंगवायचा. हनुवटीला खोबरं लागलेलं त्याला कळलंच नाही, आणि मी मुद्दामच सांगितलं नाही.

आता हा कानवाला-हेडफोनवाला तंटा सांगायलाच हवा. शेवटच्या भागात यानाची मेकॅनिक इल्ली हिला दूरच्या ग्रहावर बोलावणं येतं. ती दारात थांबते. कप्तान म्हणतो, "जा, इल्ली. मला काही फरक पडत नाही." आणि म्हणताना त्याचा हात डाव्या कानापाशी असतो. पण कानावर हेडफोनही असतो! इल्ली जाते. मालिका संपते. मग कप्तानाने कान धरला होता, की नुसता हेडफोन सारखा केला होता?

यावर आमच्याकडे मैत्र्या तुटल्या आहेत. मी कट्टर हेडफोनवाली. माणूस 'जा' म्हणतो तेव्हा त्याला 'जा'च म्हणायचं असतं. उगाच गोड अर्थ काढत बसू नये.

दर रविवारी दुपारी, आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या नोलीनबाईंच्या बैठकीच्या खोलीत आम्हा भक्तांचा अड्डा भरायचा. हॅमिश तिथे येऊ लागला आणि माझ्याशीच भांडू लागला.

"त्याचे डोळे बघ ना जरा! भरून आलेत."

"सर्दी झाली असेल."

"अवकाशात सर्दी?"

"पुठ्ठ्याच्या अवकाशात होते. गळतं ते."

"तू ना, दगड आहेस दगड."

"आणि तू लोणी. उन्हात फिरू नकोस."

"दोघंही गप्प बसा आणि स्कोन खा," नोलीनबाई करवादायच्या. त्यांचं मत तिसरंच. "कान असो नाहीतर हेडफोन, तो कप्तान मुळात गाढव होता!"

भांडता-भांडता कधी काय झालं कोण जाणे. शुक्रवारपासूनच मला रविवारचे वेध लागायला लागले. तो माझ्या चहात न विचारता दूध घालायचा, बरोबर मला लागतं तेवढंच. एकदा कप देताना बोटं टेकली आणि... दोघांनीही पटकन कप्तानाचा विषय काढला.

आणि मग फोन आला. अंटार्क्टिकाच्या तळावर वर्षभरासाठी स्वयंपाकी म्हणून माझी निवड झाली होती. हे स्वप्न मी शाळेत असल्यापासून उराशी धरलेलं. अर्ज केला तेव्हा हॅमिश नव्हता. आता होता. म्हणजे... होता का? तो माझा कोण होता? काहीच नाही आणि बरंच काही.

गोदीवर त्याला सांगितलं. डोंगरावरून वारा सुसाट येत होता.

"जा, मेरिन," तो म्हणाला. "इतकी छान संधी आहे. जायलाच हवंस तू."

आणि त्याचा हात डाव्या कानाकडे गेला! त्याने कान धरला... का टोपी खाली ओढली? वारा होता, टोपी सरकत होती. पण बोटं तिथे जरा जास्तच रेंगाळली — की मलाच तसं वाटलं?

माझं डोकं पार चक्रावलं. जन्मभर हेडफोनची बाजू लढवलेली मी, रात्रंदिवस एका लोकरी टोपीचा अर्थ लावत बसले. कान असेल तर तो 'थांब' म्हणाला. टोपी असेल तर 'जा'. मला काय हवं होतं? जायचं होतं. आणि त्याने थांब म्हणावं, असंही हवं होतं. आता करा काय करायचं ते!

शेवटी नोलीनबाईंना विचारलं. आडून, मालिकेचंच म्हणून. "समजा, कप्तानाने टोपी घातली असती तर..."

"टोपी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, इतकी वर्षं डोकेफोड करताय सगळे. त्या इल्लीने मागे वळून एकदा विचारलं असतं, तर तंटाच मिटला असता. जा, विचार त्याला."

"कप्तानाला?"

"हो, कप्तानालाच! बोटी रंगवणाऱ्या."

धावतच गोदीवर गेले. हॅमिशच्या हातात ब्रश होता, नाकाला निळा रंग.

"त्या दिवशी," मी धापा टाकत विचारलं, "टोपी होती की कान?"

तो गोंधळला, मग लालबुंद झाला. "टोपी," तो हळूच म्हणाला. "खरंच टोपी होती."

म्हणजे मी जिंकले होते. आणि मला रडू यायला लागलं.

"तू तर कानवाला ना रे!"

"आहेच. पण त्या तळाबद्दल बोलताना तुझे डोळे कसे चमकतात, तुला माहीत नाही. मी थांब म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस तर?"

"नसते थांबले. म्हणजे... थांबले असते. मला नाही माहीत, हॅमिश!"

"म्हणून जा. खरोखरचं जा." त्याने ब्रश खाली ठेवला, टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. वारा पडला होता. गारठ्याने लाल झालेला आपला डावा कान त्याने घट्ट धरला. "आणि हे बघ, मी काही तुझी वाट बघणार नाहीये. अजिबात नाही. मला तू एवढीशीसुद्धा आवडत नाहीस."

मी टोपीवर हात नेला, डाव्या बाजूला.

"बरं," मी म्हटलं. "मग मीही परत येत नाही."

त्याच्या कपाळावर आठी पडली.

"थांब, थांब... हे टोपीचं होतं की कानाचं?"

"कानाचं रे, वेड्या!" मी म्हटलं, आणि त्याच्या नाकाचा निळा रंग माझ्या गालाला लागला.