जुन्या कर्नेलवरचं भांडण

"ज्यानं कुणी अपडेटमधून जुन्या कर्नेलचा आधार काढायचा शहाणपणा केलाय ना, त्याला मारित्सा नदीत बुडवायला हवं!" बेकरीच्या छपराखाली उभी राहून मी फोनवर ओरडले. बल्गेरियातल्या प्लोव्हदिवमध्ये पाऊस नुसता कोसळत होता.

"मला पोहता येतं," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. हातात चीज भरलेली गरम बानित्सा, चष्म्यावर थेंब... आणि डोळ्यांत चक्क हसू.

"तो शहाणपणा माझाच. मी ऑग्न्यान. संगणक सुरू करणारा तो प्रोग्रॅम मीच सांभाळतो."

माझं डोकंच फिरलं. नदीची पातळी मोजणारी आमची यंत्रं जुन्या कर्नेलवर चालतात. सिस्टिमचा तो गाभा बदलला, की सेन्सरचं कार्ड मुकं होतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आणि आज सकाळी नवा अपडेट घेतल्यापासून वरच्या गावातलं यंत्र सुरूच होत नव्हतं.

"जुनं कर्नेल दिसलं की तुमच्या प्रोग्रॅमचा सरळ संप? तुमचं काय जातं हो!"

"आम्ही दोघंच जण त्यावर फुकट राबतोय, बाईसाहेब. मदत मागत होतो तेव्हा कुठे होतात?"

"नदीवर!"

त्यानं बानित्सा खिशात कोंबली. "चला मग. दाखवा."

वाटभर आम्ही कडाकडा भांडलो. वरच्या गावातल्या नदीकाठच्या गळक्या खोपटात तो चिखलात गुडघे टेकून बसला, काढून टाकलेला भाग पुन्हा जोडू लागला. मी त्याच्यावर छत्री धरली – तीही रागानंच.

यंत्राच्या पडद्यावर आकडे उमटले. पाणी धोक्याच्या खुणेला टेकलं होतं.

"मी रालित्सा बोलतेय," मी सरपंचांना फोनवर ओरडून सांगितलं, "खालची आळी रिकामी करा, आत्ताच्या आत्ता!"

माणसं वर शाळेत पोचल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे मी छत्री मिटली.

"हे एवढ्यापुरतंच," ऑग्न्यान म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत मी ते पुन्हा काढणार."

"काय?"

"जुन्या कर्नेलवर तपासणारं कुणी नाही, रालित्सा. चुकीचं चालण्यापेक्षा न चाललेलं बरं."

"मी तपासेन! दर आवृत्ती! आणि चूक सापडली, की तुझ्या दारात येऊन भांडेन!"

तुझ्या... शब्द निसटला खरा.

तो हळूच म्हणाला, "दारात कशाला... आत ये ना."

"मी अजून चिडलेय."

"दिसतंय. तशीच ये."

गाडीची किल्ली मी त्याच्या तळहातावर आपटली. "तू चालव. मी चालवली तर नदीत जाईल."

"रागानं?" त्यानं किल्लीसकट माझा हातच धरला.

"गप्प बस," मी म्हटलं... आणि हात सोडवून घेतला नाही.